काकांच्या गाडीची मागची कमान

माणूस कसा आहे ते तो खुर्चीत कसा बसतो यावरून कळतं, असं आमच्या घरमालकांचं ठाम मत होतं. भाड्याच्या खोल्या बघायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला पडवीतल्या खुर्चीवर बसवलं, मान तिरकी करून थोडा वेळ न्याहाळलं आणि आतल्या बाजूला तोंड करून सांगितलं, “मागून जरा कडक आहे, पण रस्ता धरून चालेल. दे चावी.” मी सांगलीकडची, बँकेतली अधिकारी, बदलीवर पहिल्यांदाच कोकणात आलेली. या शेऱ्यावर रागवावं की आभार मानावेत ते मला कळेना. तेवढ्यात काकू चावी घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या की मनावर घेऊ नका, त्यांना माणसाबद्दल बोलायचं झालं तरी गाडीचीच भाषा येते.

दिवेआगरपासून जवळच्या एका गावात त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. पुढे त्यांचं कौलारू घर, मागे माझ्या दोन खोल्या, आणि मध्ये जिथे कुणी शहाण्या माणसानं फुलझाडं लावली असती तिथे ती गाडी. लष्कराच्या लिलावातला जुना फोर-व्हील ट्रक, आकारानं लहान, पण आव रणगाड्याचा. मागचा हौदा उघडा, वर ताडपत्री, दोन्ही कडांना बसायला फळ्या. पुढे ड्रायव्हरशेजारी खरं म्हणजे एक सीट होती, पण तिच्यावर जादा बॅटरी, जॅक आणि पान्यांची पेटी कायमची बसलेली. त्या सीटवर हाडामांसाचं माणूस बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

काका अंगानं काटकुळे. खाकी अर्धी चड्डी, उघडं अंग, जानवं, आणि जानव्याला अडकवलेला दहा-अकराचा पाना. किल्ल्या जानव्याला अडकवणारी माणसं मी पाहिली होती, पाना अडकवणारा हा पहिलाच. त्या पान्यानं ते सगळ्या वस्तू वाजवून बघत. नारळ, दाराची चौकट, पाण्याची टाकी, एकदा तर माझी स्कूटर. टण असा आवाज आला की मान डोलवत आणि बद्द आला की हळहळत. सकाळी संध्या, मग चहा, मग गाडीखाली. पोस्टमन आला की तो पायांशीच बोलायचा, आणि सही घ्यायची असली तर वाकून कागद चाकाखाली सरकवायचा.

ही गाडी त्यांनी वादळानंतर घेतली. वाडीतली निम्मी झाडं एका दिवसात आडवी झाली होती, ती ओंडके करून बाहेर काढायला दुसरं काही वाळूतून, चिखलातून जाईना. तेव्हा हिनं खरंच गाव मोकळं केलं, असं शेजारीपाजारीही सांगायचे. मागच्या चाकांवर धक्के झेलणारी पोलादी पाट्यांची कमान असते, तिचे ते जाडजूड पाटे होतेच मुळी दारूगोळा वाहायला. त्यावर ओंडके काय जड? पण ओंडके संपले, नवी रोपं गुडघ्याएवढी झाली, आणि गाडी रिकामी धावू लागली. रिकामी गाडी आणि कडक कमान म्हणजे काय ते मागच्या फळीवर बसल्याशिवाय कळत नाही. मी बसलेय. बारीक खड्डा आला तरी माणूस फळीपासून सुटतो, आणि परत येतो तेव्हा फळी तिथे नसते.

मी राहायला येण्याआधीच्या गणपतीत याच कमानीनं घात केला होता. घरचा गणपती पेणहूनच आणायचा, ही काकूंच्या सासऱ्यांपासूनची रीत. पेणच्या एका ठरलेल्या कारखान्यात दर वर्षी मूर्ती सांगितलेली असायची, आणि ती घरच्या सुनेनं मांडीवर घेऊन आणायची. इतकी वर्षं काकू एसटीनं आणत. त्या वर्षी काका म्हणाले, दारात हत्तीसारखी गाडी असताना एसटी कशाला? येताना गावाअलीकडच्या खाडीच्या उतारावर गाडी अशी काही उडाली की बाप्पाचा मोदकाचा हात मनगटातून निखळला. मोडलेली मूर्ती पूजेला चालत नाही. ऐन वेळी गावातल्या एका कारखान्यात उरलेला गणपती आणला, त्याचा उंदीर त्याच्या गुडघ्याहून मोठा होता. गावानं तो उंदीर दर्शनाला येऊन येऊन पाहिला.

त्या दणक्यात काकूंची पाठही गेली, हे मात्र गावाला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही. कंबरेला पट्टा बांधून त्यांनी मोदक वळले, आणि विसर्जन झाल्यावर एवढंच म्हणाल्या की आता त्या गाडीत मी बसायची नाही आणि माझा गणपतीही. आरडाओरडा नाही, रडारड नाही. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा पाना जानव्यातून काढून हातात फिरवत होते. ओरडली असती तर बरं होतं, म्हणाले. मग माझ्याकडे न बघता पुढे बोलले, “रात्री कूस बदलताना ही कण्हते. मला वाटतं माझीच गाडी कुरकुरतेय.”

म्हणून ते वर्ष मागच्या कमानीचं ठरलं. येत्या गणपतीला काकू आणि बाप्पा त्याच गाडीतून, त्याच उतारावरून, अलगद घरी आले पाहिजेत, यापलीकडे काकांना दुसरं काही दिसत नव्हतं.

पहिला प्रयोग सोपा होता. कडक आहे ना, मग पाटे कमी करा. श्रीवर्धनच्या वाटेवर एका कमानवाल्याचं दुकान होतं. गाव त्यांना मामू म्हणायचं. मामू दुपारी जुन्या टायरमध्ये अंग घालून झोपत आणि उठवणाऱ्याला पहिला सल्ला गाडी विकण्याचा देत. काकांनाही दिला. मग नाइलाजानं कमान आवळणारे यू-बोल्ट सोडून खालचे सगळ्यात जाड पाटे काढून दिले. गाडी रिकामी असताना लोण्यासारखी चालली. काका वाटेत भेटेल त्याला थांबवून बसवत होते. दुसऱ्या दिवशी नारळ भरले आणि मागचा भाग जो बसला तो उठेचना. टायर मडगार्डला घासून रबराचा वास सुटला, आणि पुढचे दिवे लावले तर रस्ता अंधारात आणि माडांचे शेंडे लख्ख.

दुसऱ्या प्रयोगात शॅकल लांब केली. कमानीचं मागचं टोक ज्या कडीला टांगलेलं असतं ती शॅकल. त्यानं गाडी मागून इतकी उचलली गेली की ती उभ्या जागी जमीन हुंगत असल्यासारखी दिसू लागली. हौद्यात ठेवलेली वस्तू आपोआप केबिनकडे घरंगळत जाई. मी एकदा त्यात बसून बँकेत गेले आणि उतरले तेव्हा नारळ, कोयता आणि मी असे तिघं एकाच कोपऱ्यात होतो.

परीक्षा घ्यायची पद्धत काकांची स्वतःची. मी मागच्या फळीवर बसायचं, मांडीवर ताकाचं उघडं पातेलं धरायचं, आणि काकांनी खाडीच्या उतारावरून गाडी न्यायची. किती सांडलं ते बघायचं. पाणी का नको, असं मी विचारलं, तर म्हणाले की पाणी सांडलं तर माणसाला वाईट वाटत नाही, मग तो नीट धरत नाही. त्या वर्षी माझ्या ओढण्यांना आंबूस वास यायचा, आणि बँकेतला शिपाई रोज आदबीनं विचारायचा की मॅडम, घरी म्हैस घेतली काय.

एवढ्यावर भागलं असतं तर काका ते काका कसले! कमान पाट्यापाट्यांत घासून करकरते, तिथे वंगण हवं, हे त्यांना पटलं. पण वाडीवाल्याच्या घरात वंगण म्हणजे एकच. केसांना, सांध्यांना, बिजागरीला, कापलेल्या बोटाला, आणि आता कमानीला. घाण्यावरचं ताजं खोबरेल त्यांनी एकेका पाट्याला हातानं चोळलं, लेकराला न्हाऊ घालावं तसं. करकर खरंच थांबली. पण मग कुत्री मागे लागली. गाडी उभी राहिली की गावातली झाडून सगळी कुत्री खाली शिरून कमान चाटत. मुंग्यांनी मागच्या चाकापासून तुळशीपर्यंत रांग धरली. आणि पौषातल्या एका गार सकाळी ते तेल पाट्यांमध्ये थिजलं. त्या दिवशी गाडी कधी नव्हे एवढ्या मोठ्यानं ओरडत बाजारात गेली. मामूंनी लांबूनच आवाज ओळखला आणि टायरमधून न उठता म्हणाले, “काका, गाडी हाय ती, पालना नाय. तिला मालिश कशाला करता?”

मामूंशी त्यांचं भांडण म्हणजे माझा रविवारचा विरंगुळा होता. दोघंही एकमेकांचं ऐकायचं नाही असं ठरवूनच बसत आणि चहा संपेपर्यंत एकमेकांच्या मतावर आलेले असत, म्हणजे भांडण तसंच शिल्लक. शेवटी त्यांच्यात जे ठरलं ते असं: थोडे जाड पाटे ठेवण्याऐवजी पुष्कळ पातळ, लांब पाटे घालायचे. भंगारात गेलेल्या एका प्रवासी गाडीचे तसे पाटे मामूंकडे पडून होते. ते भट्टीत घालून काकांच्या गाडीच्या मापाचा बाक द्यायचा, टोकं घासून गोल करायची, आणि मध्ये तेलाऐवजी वाडीतल्या फुटक्या पिंपाच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. काकांचं एक आवडतं वाक्य होतं, ते त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की बँकेत कर्जदारांना ऐकवू लागले. लवावं सगळ्यांनीच, पण लवून परत जागेवर यावं.

पण पातळ पाट्यांचं एक असतं. जेवढं वजन धरून ती कमान बांधली तेवढंच तिच्यावर असलं तर ती माणसाला झोका देते. कमी झालं की उडवते आणि जास्त झालं की बसते. गणपतीचं वजन ते काय! वजन होतं काकूंचं, आणि ते किती हे जगात कुणालाही माहीत नव्हतं. काकांनी मला कामाला लावलं. मी आपली सहज म्हणून काकूंना सुपारीच्या काट्याजवळ नेलं. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी काय सुपारी आहे का, असं विचारून आत निघून गेल्या.

मग काकांनी जे केलं ते आठवलं की मला आजही एकटीला हसू येतं. पडवीत झोपाळा होता. वादळानंतर त्याच्या कड्या गंजल्या म्हणून तो नायलॉनच्या दोरांना टांगलेला होता, आणि माणूस बसलं की थोडा खाली यायचा. दुपारी काकू भाजी निवडायला झोपाळ्यावर बसत. काका शेजारच्या खांबाला टेकून उभे राहिले आणि पाठीमागे हात नेऊन खडूनं खुणेची रेघ मारली. काकू आत गेल्यावर त्या फळीवर ते एकेक नारळ ठेवू लागले. फळी रेघेला टेकेपर्यंत. शेवटचा नारळ ठेवत असतानाच काकू ताटली घ्यायला परत आल्या. झोपाळ्यावर नारळांचा ढीग आणि शेजारी नवरा. काका म्हणाले, वारा देतोय त्यांना. काकूंनी ताटली उचलली आणि आत गेल्या. तेवढे नारळ पोत्यात भरून, तोंड शिवून ते पोतं हौद्यात मधोमध गेलं, आणि पुढच्या सगळ्या परीक्षांना माझ्या शेजारी ते पोतं असायचं. उतारावर काका मागे वळून विचारत, बरी आहे ना? त्यांनी माझी चौकशी कधीच केली नाही.

श्रावण उतरता उतरता एका संध्याकाळी ताक सांडलं नाही. उतारावरून खाली आलो, गाडी मऊ लवली, सरळ झाली, आणि पातेल्यात नुसती एक गोल लाट उठून विरली. मी ओरडून सांगितलं. काका उतरून आले, पातेल्यात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाले, मीठ कमी आहे. पण डोळे भरले होते त्यांचे, मी पाहिले.

आता उरलं काकूंना विचारणं, आणि तेच त्यांना जमेना. गाडीखाली तासन् तास पडून राहणारा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि पाणी पिऊन परत येई. इकडे काकूंनी शेजारच्यांच्या मुंबईहून येणाऱ्या मुलाची मोटार ठरवूनही टाकली होती. पेणला जायच्या आदल्या दिवशी काका जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं. काकूंना सगळं सांगून टाकावं असं वाटत होतं, पण ते माझ्या सांगण्याचं नव्हतं.

सकाळी शेजारच्यांची मोटार दारात आली. काकू इरकल नेसून, हातात पाट आणि मूर्तीवर घालायचं कोरं कापड घेऊन पायऱ्या उतरल्या. मोटारीशी न जाता त्या ट्रकच्या मागे आल्या आणि हौद्यातल्या पोत्याकडे बघत उभ्या राहिल्या. काका चाकाशी उगाच काहीतरी आवळत होते.

“अहो,” काकू म्हणाल्या, “चार नारळ जास्त आहेत. मी एवढी नाही.”

काका उठले.

“झोपाळ्यावर बसायचे तेव्हा माझ्या मांडीवर भाजीची टोपली असायची. ती कोण वजा करणार?” मग मोटारीतल्या मुलाला त्यांनी लाडू देऊन परत पाठवलं, आणि वर चढायच्या आधी अट घातली. “येताना खाडीच्या उतारावर गाडी थांबवायची. गणपती घेऊन मी तेवढं चालत उतरेन. पुन्हा तो दणका मला नको.”

काकांनी मान डोलवली. नारळांचं पोतं त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन पडवीत ठेवलं.

जाताना मी माझ्या नेहमीच्या जागी, आणि पोत्याच्या जागी काकू फळी दोन्ही हातांनी घट्ट धरून, ओठ मिटून बसल्या होत्या. पेणपर्यंत त्यांनी ती पकड सोडली नाही. कारखान्यात मूर्ती ताब्यात घेतली, विडा-सुपारी ठेवली, मुखावर कापड घातलं, आणि बाप्पा काकूंच्या मांडीवर आले. परतीला सरी येत-जात होत्या, ताडपत्रीवर आवाज होत होता. गावोगावच्या गणपतींची वर्दळ होती. पहिले काही खड्डे आले तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. मग एक मोठा खड्डा आला, गाडी लवली आणि परत जागेवर आली. काकूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. नंतर त्यांची फळीवरची पकड सुटली. मग खांदे सैल पडले. म्हसळ्याच्या आसपास त्यांचं डोकं हळूच माझ्या खांद्यावर आलं. कापडाखालच्या मूर्तीला एका हाताचा वेढा, दुसरा हात मांडीवर उताणा पडलेला. मी मूर्तीच्या पाटाला हात लावून बसले.

खाडीचा उतार आला तशी काकांनी शब्द दिल्याप्रमाणे गाडी थांबवली. उतरून मागे आले, हौद्याचा मागचा फळका खाली करणार तोच त्यांनी काकूंना पाहिलं. नुसते बघत राहिले. वर्षभरात मी त्या माणसाला एवढं स्थिर कधी पाहिलं नव्हतं. “गाढ लागलेय का?” त्यांनी ओठांनीच विचारलं. मी मान डोलवली.

एवढ्यात मागे एसटी येऊन थांबली. रस्ता अरुंद, गाडी मधोमध. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. काका दोन्ही हात वर करून पावसात धावत गेले आणि खिडकीखाली उभे राहिले. ड्रायव्हर म्हणाला, “काका, बाजूला घ्या की, लोकांना घरी जायाचं हाय.”

“गाडीत गणपती आहेत,” काका म्हणाले, “आणि बायको झोपलेय. वर्षानं झोपलेय हो. हॉर्न तेवढा नको.”

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे, मग आमच्या हौद्याकडे पाहिलं आणि हॉर्नवरचा हात काढून घेतला. काका परत येऊन गाडीत बसले. उतारावरून गाडी खाली आली ती इतकी हळू की बाजूनं छत्री घेऊन चाललेला माणूस पुढे निघून गेला. कमान लवली, सरळ झाली, पुन्हा लवली. काकूंनी झोपेत फक्त मान थोडी नीट केली. मागे ती एसटी, भरगच्च, आवाज न करता, थेट आमच्या वाडीच्या फाट्यापर्यंत आमच्या चालीनं आली.

अंगणात गाडी थांबली. इंजिन बंद झाल्याच्या शांततेनं काकूंना जाग आली. त्या दचकल्या, आधी कापडाखाली हात घालून बाप्पाचे दोन्ही हात चाचपले, मग कपाळावरचे केस मागे सारले. ताडपत्रीच्या मागच्या तोंडातून पाऊस आणि माड तेवढे दिसत होते. पदर खोचत त्या घाईनं म्हणाल्या, “उतार आला ना? थांबा, मी उतरते.”

काकांनी फळका खाली केला आणि हात पुढे केला.

“आला,” ते म्हणाले. “ये, उतर.”